सर्व्हर डाऊन नव्हता, रांग होती

मंडळी, पोस्ट लांब आहे. आत्ता घाईत असाल तर सेव्ह करून ठेवा, रात्री निवांत वाचा. पण वाचा नक्की. कारण यातला प्रसंग तुमच्यापैकी निम्म्या लोकांवर कधी ना कधी येऊन गेलेला असणार.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. एका योजनेच्या ऑनलाइन अर्जाचा शेवटचा दिवस, मुदत रात्री बारापर्यंत. बातमी करायची म्हणून मी संध्याकाळी सहाला गावातल्या एका केंद्रावर गेलो. बाहेर पाऊस, पत्र्याच्या शेडखाली चाळीस-पन्नास माणसं, प्रत्येकाच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद. जवळच्या वाडीचे एक काका दुपारी चारपासून बसलेले. त्यांचा नंबर साडेसहाला आला. केंद्रावरच्या पोरानं सगळं भरलं, सातबारा चढवला, पासबुक चढवलं, शेवटचं बटण दाबलं आणि स्क्रीनवर गोल चक्र फिरायला लागलं. फिरलं, फिरलं, आणि लाल अक्षरात इंग्रजी ओळ आली. परत लॉगिन, परत पहिल्यापासून.

"काका, सर्व्हर डाऊन हाय. जेवून या तोवर."

काका काही जेवायला गेले नाहीत. पोरानं मधूनमधून आठ-दहा वेळा प्रयत्न केला. पावणेबाराच्या सुमाराला मोटारसायकलवरून एक तरुण आला. पोरानं दुसऱ्या कॉम्प्युटरवर त्याची माहिती भरली, बटण दाबलं आणि पहिल्याच दणक्यात पावती बाहेर. काकांनी ते बघितलं. "आरं, माझा नंबर याच्या आधीचा हाय ना?" त्या पोराकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. बारा वाजले, पोर्टल बंद झालं, काकांचा अर्ज राहिला तो राहिलाच.

दुसऱ्या दिवशी मी बातमी दिली. "सर्व्हर डाऊन, शेतकऱ्यांचे हाल." हे शीर्षक मी आयुष्यात किती वेळा दिलंय याची मोजदाद नाही. ती बातमी वाचून पुण्यात आयटीत असलेल्या भाच्याचा फोन आला. म्हणाला, "मामा, सर्व्हर डाऊन असता तर त्या दुसऱ्याचा अर्ज गेलाच नसता. सर्व्हर चालू होता. लिमिट लागली होती."

मी काही इंजिनिअर नाही. पत्रकारितेचा डिप्लोमा केलेला माणूस. पण भाच्याचं ते वाक्य डोक्यातून जाईना. लिमिट म्हणजे काय, ती कोण ठरवतं, आणि आधी आलेला मागे राहून मागून आलेला पुढे कसा जातो, हे शोधत बसलो. महिनाभर रात्री जागून वाचलं. आणि लक्षात आलं की काकांनी विचारलेला प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे. मोठमोठी डोकी त्यावर खपली आहेत. त्याची उत्तरंही सापडलेली आहेत, पण ती आपल्या पत्र्याच्या शेडपर्यंत काही आलेली नाहीत.

आधी साधी गोष्ट. कुठलाही कॉम्प्युटर एका वेळी मोजकीच कामं करू शकतो. आपल्याला वाटतं तो सगळं एकदम करतो. तसं नसतं. म्हणून चालवणारे एक आकडा ठरवतात, की एका वेळी इतकीच कामं आत घ्यायची. पाचशे म्हणा, पाच हजार म्हणा. यात गैर काही नाही. एसटीत पन्नासच्या जागी दीडशे कोंबले तर गाडी घाटात बंद पडते, तसंच हे. प्रश्न पाचशे-एकाव्या माणसाचं काय करायचं हा आहे.

हा प्रश्न कॉम्प्युटर जन्माला यायच्या आधी टेलिफोनवाल्यांना पडला. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत १९०८ मध्ये आग्नर एरलांग नावाचा गणिती नोकरीला लागला. लोक कधीही फोन उचलणार, कितीही वेळ बोलणार, आणि कंपनीकडे लाइनी मात्र मोजक्या. मग किती लाइनी टाकल्या म्हणजे लोकांची गैरसोय होणार नाही आणि कंपनीही बुडणार नाही? एरलांगनं १९०९ मध्ये यावर पहिला निबंध छापला आणि १९१७ मध्ये ती सूत्रं दिली जी टेलिफोनवाले पुढं पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले. आजही फोनवरचा भार 'एरलांग' या एककात मोजतात.

त्या गणितातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली. समजा खिडकीवर एकच माणूस आहे, एका कामाला सरासरी दहा मिनिटं लागतात, आणि लोक आपापल्या वेळेनं कसेही येतात. तो माणूस दिवसातला निम्मा वेळ कामात असेल, तर येणाऱ्याला सरासरी दहा मिनिटं थांबावं लागतं. तो ८० टक्के वेळ कामात असेल तर ४० मिनिटं. ९० टक्के असेल तर ९० मिनिटं. आणि ९५ टक्के झाला की १९० मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या वर. बघा, ९० वरून ९५ झाले, म्हणजे काम थोडंसंच वाढलं, पण थांबणं दुपटीहून जास्त झालं. शेवटच्या दिवशी आपल्याकडे जे होतं ते हे. आदल्या दिवशीपर्यंत सुरळीत चाललेलं पोर्टल थोडा भार वाढला की एकदम गळपटतं, आणि आपण म्हणतो काहीतरी घोटाळा केला. कधी घोटाळा असेलही. पण बऱ्याचदा ते हे गणित असतं.

एरलांगनं आणखी एक फरक करून ठेवला आहे, आणि माझ्या मते आपलं सगळं भांडण त्या फरकाशी आहे. लाइनी भरल्या असताना फोन करणाऱ्याचं दोन प्रकारे होऊ शकतं. एक, त्याला एंगेज टोन ऐकवायचा आणि विसरून जायचं. त्याला गरज असेल तर तो परत लावेल. दुसरा, त्याला थांबवून ठेवायचं आणि लाइन मोकळी झाली की क्रमानं जोडून द्यायचं. या दोन्हींची सूत्रं एरलांगनं वेगवेगळी काढली. पहिल्या प्रकारात रांग नसतेच. कोण आधी आला याची नोंदच नाही, मग आधी-नंतर कुठलं? काका साडेसहाला आले काय आणि तो तरुण पावणेबाराला आला काय, मशीनच्या लेखी दोघं सारखेच. ज्या क्षणी जागा मोकळी झाली त्या क्षणी ज्यानं बटण दाबलं तो आत.

ही गोष्ट इथं डोक्यात ठेवा, आता कॉम्प्युटरकडं येऊ.

पन्नासच्या दशकातले कॉम्प्युटर खोलीएवढे असायचे. काम द्यायचं म्हणजे पुठ्ठ्याच्या कार्डांवर भोकं पाडायची, एका कार्डात ८० अक्षरं, आणि ती चवड नेऊन काउंटरवर द्यायची. ऑपरेटर एकामागून एक चवडी मशीनला खाऊ घालणार. संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी उत्तराचा कागद मिळणार. त्यात एखादा स्वल्पविराम चुकला असेल तर परत कार्ड, परत रांग. आपल्याकडे मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० नावाचं असं मोठं मशीन आलं, आणि देशभरातल्या शास्त्रज्ञांची कामं त्यावर चालायची. ज्यांनी तो काळ पाहिलाय ते आज सत्तरी-ऐंशीत असतील. तुमच्या ओळखीत कोणी असेल तर त्यांना कार्डांची चवड हातातून पडून विखुरल्याचे किस्से विचारा.

त्या पद्धतीत एक सोय मात्र होती, रांग डोळ्यांना दिसायची. काउंटरवर चवडी एकावर एक ठेवलेल्या, आपली कितवी ते मोजता यायचं. कोणी साहेबाच्या ओळखीनं आपली चवड वर सरकवली तर तेही दिसायचं.

मग एकाच मशीनमध्ये एका वेळी अनेक कामं बसवायची पद्धत आली. आयबीएमनं १९६४ मध्ये आपली सिस्टिम ३६० ही मशीनं जाहीर केली, त्यांच्यासाठी जी प्रणाली बनवली तिच्या एका प्रकाराचं नावच होतं 'ठरावीक संख्येच्या कामांचं बहुकार्यचालन'. मूळ इंग्रजी नावाची आद्याक्षरं एमएफटी. मेमरीचे आधीच वाटे करून ठेवायचे, एका वाट्यात एक काम. सुरुवातीला वाटे चार, पुढच्या आवृत्तीत कामांसाठी पंधरापर्यंत. वाटे भरले की बाकीचे बाहेर. म्हणजे भाचा ज्याला लिमिट म्हणतो ती साठ वर्षांपूर्वी चक्क नावातच लिहिलेली होती. कुणी लपवली नव्हती.

याच सुमाराला अमेरिकेत एमआयटी या संस्थेत फर्नांडो कोर्बाटो नावाच्या माणसानं वेगळा खेळ मांडला. नोव्हेंबर १९६१ मध्ये त्यानं आणि त्याच्या साथीदारांनी सीटीएसएस नावाची प्रणाली चालवून दाखवली. अनेक माणसं टाइपरायटरसारख्या यंत्रांवर बसलेली आणि कॉम्प्युटर एकच. तो प्रत्येकाला क्षणभर वेळ देणार, मग पुढच्याला, मग पुढच्याला, परत पहिल्याला. इतक्या झपाट्यानं की प्रत्येकाला वाटावं मशीन माझ्या एकट्याचंच आहे. पंगतीत एकच वाढपी असतो, पण चपळ असला की कुणाचं ताट रिकामं दिसत नाही, तसं.

पण कुणाला किती वाढायचं? कोर्बाटोनं पायऱ्या केल्या. नवीन छोटं काम आलं की ते वरच्या पायरीवर, त्याला लगेच थोडा वेळ मिळणार. तेवढ्यात संपलं तर छान. नाही संपलं तर एक पायरी खाली. खालच्या पायरीवर नंबर उशिरा येणार, पण आला की दुप्पट वेळ मिळणार. अशानं एका ओळीचं उत्तर हवं असलेल्या माणसाला तासभर चालणाऱ्या कामामागं ताटकळावं लागत नाही. एकाच कागदावर सही हवी असलेल्याला पंचवीस फाइली घेऊन आलेल्याच्या आधी सोडावं, ही आपल्या कचेरीतल्या चांगल्या शिपायाची अक्कल त्यानं मशीनला शिकवली. पुढं १९९० मध्ये त्याला ट्युरिंग पुरस्कार मिळाला, तो कॉम्प्युटरवाल्यांचा सगळ्यात मोठा मान.

त्या प्रणालीवरही एका वेळी साधारण तीसच लोक बसू शकायचे. शिवाय प्रत्येकाला आठवड्याचा कोटा. आणि जिथं कोटा आला तिथं जुगाड आलंच. ॲलन शेर नावाच्या विद्यार्थ्याला आठवड्याला चार तास मिळायचे, ते त्याला पुरेनात. १९६२ साली एका शुक्रवारी रात्री त्यानं मशीनला एक कार्ड दिलं, अमुक फाइल छापून दे म्हणून. ती फाइल सगळ्यांच्या पासवर्डांची होती. शनिवारी सकाळी त्यानं छापलेला कागद उचलला आणि इतरांच्या नावावर काम उरकायला लागला. बऱ्याच वर्षांनी त्यानं स्वतःच हे कबूल केलं. गंमत म्हणजे त्याच्या पीएचडीचा विषयच अशा वाटून वापरायच्या मशीनच्या कामगिरीचा अभ्यास हा होता. आपल्याकडे तत्काळ तिकिटाचे दलाल करतात त्याची ही थोरली आवृत्ती म्हणा. माणूस इथूनतिथून सारखाच.

आता काकांच्या जवळ जाणारी गोष्ट सांगतो. कॉम्प्युटरच्या पाठ्यपुस्तकांत ती एक दंतकथा म्हणून येते, खरीखोटी देव जाणे. एमआयटीमधलं आयबीएम ७०९४ मशीन १९७३ मध्ये बंद केलं, तेव्हा त्यात १९६७ साली दिलेलं एक काम सापडलं म्हणे. सहा वर्षं ते रांगेत होतं. चुकलेलं नव्हतं, नाकारलेलं नव्हतं. फक्त त्याचं महत्त्व कमी ठरवलेलं होतं आणि रोज त्याच्याहून महत्त्वाचं काहीतरी येत राहिलं. याला त्या शास्त्रात 'उपासमार' असाच शब्द आहे. वाचून मी जरा थांबलोच. आमच्या तहसीलमध्ये फेरफाराचे असे किती अर्ज पडून असतील?

उपासमारीवरचा उपायही सोपा आहे. काम जितका वेळ थांबेल तितकं त्याचं महत्त्व आपोआप वाढवत न्यायचं. कितीही फालतू काम असो, पुरेसं थांबलं की कधीतरी ते सगळ्यांच्या वर येणारच. याला ते लोक वय वाढणं म्हणतात. पण हे करायला एक अट आहे. काम कधी आलं हे मशीननं लिहून ठेवलं पाहिजे. ज्याची नोंदच नाही त्याचं वय कसं वाढणार?

इथं कोणी म्हणेल, एवढं कशाला, चार सर्व्हर जास्त लावा. मीही इतकी वर्षं बातमीच्या शेवटी हीच मागणी लिहीत आलो. त्यावर अमेरिकेतल्या बेल लॅब्समधल्या रोनाल्ड ग्रॅहम यानं १९६६ मध्ये एक भन्नाट गोष्ट सिद्ध करून ठेवली आहे. हा माणूस गणिती, आणि चेंडू हवेत झेलायच्या कसरतीतही इतका तरबेज की अशा कसरतपटूंच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा अध्यक्षही झाला. त्याचं उदाहरण मी लग्नाच्या स्वयंपाकात बसवून सांगतो, आकडे त्याच्याच प्रमाणात आहेत.

तीन आचारी, नऊ कामं. डाळ निवडून भिजवायला ३० मिनिटं. कोशिंबीर २०, चटणी २०, मसाला वाटायला २०. मसाला झाल्यावरच करता येतील अशा चार भाज्या, प्रत्येकी ४०. आणि डाळ झाल्यावरच करता येईल असं पुरण, ९० मिनिटं. घरमालकानं कामांची यादी याच क्रमानं लिहून भिंतीला लावली आणि नियम सांगितला, मोकळा झालेल्यानं यादीतलं करता येण्याजोगं पहिलं काम उचलायचं, रिकामं बसायचं नाही. कागदावर मांडून बघा, बरोबर १२० मिनिटांत स्वयंपाक होतो.

आता घरमालकाला घाई झाली आणि त्यानं चौथा आचारी आणला. यादी तीच, नियम तोच. किती वेळ लागेल? १५० मिनिटं! अर्धा तास जास्त. चूक वाटेल, मलाही वाटली. मी वहीवर तीनदा मांडून पाहिलं. होतं असं की चौथ्यामुळं मसाला लवकर वाटून होतो, मग सगळे मोकळे हात भाज्यांवर तुटून पडतात, कारण यादीत भाज्या आधी आहेत. डाळ तयार होते तेव्हा पुरणाला हात लावायला कोणी मोकळं नसतं. ९० मिनिटांचं सगळ्यात लांब काम साठाव्या मिनिटाला सुरू होतं. तीन आचारी असताना ते तिसाव्यालाच सुरू झालं होतं.

यादीत पुरण सगळ्यात वर लिहिलं असतं तर चार आचाऱ्यांनी १२० मिनिटांत उरकलं असतं. त्याहून कमी होणार नाहीच, कारण डाळ ३० आणि पुरण ९० हे एकामागून एकच होणार, दहा आचारी आणले तरी. ग्रॅहमनं दिलासाही दिला आहे. असा साधा नियम कितीही वाईट वागला तरी उत्तमात उत्तम नियोजनाच्या दुपटीहून जास्त वेळ तो कधीच घेणार नाही, हेही त्यानं सिद्ध केलं.

तर मंडळी, यापुढं 'सर्व्हरची क्षमता वाढवणार' असं निवेदन आलं की मी विचारणार आहे, यादी कोणती? अर्जात आधार पडताळणी, जमिनीची नोंद, बँक खातं असे एकमेकांवर अवलंबून असलेले टप्पे असतात. त्यातला एक टप्पा दुसऱ्याच खात्याच्या मशीनवर अडकत असेल, तर इकडं दहा मशीनं वाढवून रांग फक्त लवकर त्या दारापाशी जाऊन उभी राहणार.

सत्तरच्या आसपासच्या एका प्रसंगावर थोडं सांगतो. २० जुलै १९६९. अपोलो ११ चं यान चंद्रावर उतरतंय, जमिनीपासून काही किलोमीटरवर असताना समोरच्या पडद्यावर धोक्याचा आकडा लागला, १२०२. थोड्या वेळानं १२०१. आत आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन. त्या यानातल्या कॉम्प्युटरमध्ये एका वेळी सात-आठच कामांना जागा होती. एका रडारचं बटण ज्या स्थितीत होतं त्यामुळं मशीनचा वेळ फुकट खर्च होत होता, कामं तुंबली आणि जागा संपली. म्हणजे आमच्या केंद्रावर झालं तेच. लिमिट लागली.

फरक पुढं आहे. एमआयटीत हॅल्कम लेनिंग यानं त्या कॉम्प्युटरची कामवाटणी आखताना प्रत्येक कामाला महत्त्व ठरवून दिलं होतं, आणि तिथल्याच कार्यक्रमकारांनी आधीच ठरवून ठेवलं होतं की जागा संपली तर काय टाकायचं आणि काय धरून ठेवायचं. मशीननं स्वतःला परत सुरू केलं, कमी महत्त्वाची कामं सोडून दिली, आणि यान उतरवायचं काम जिथं होतं तिथून पुढं चालू केलं. पहिल्यापासून नाही, जिथं होतं तिथून. ह्यूस्टनमध्ये बसलेल्या स्टीव्ह बेल्स या तरुण इंजिनिअरनं पुढं चला म्हणून सांगितलं, यान उतरलं.

आजच्या मोबाइलपुढं काहीच नसलेलं ते मशीन. पण आपण कुठपर्यंत आलो होतो हे ते विसरलं नाही. आणि आमच्या काकांना आठ-दहा वेळा सातबारा परत चढवावा लागला.

भारतात हे जमत नाही असंही नाही, बरं का. रेल्वेची वेटिंग लिस्ट काय आहे? डब्यात जागा ठरलेल्या, लिमिट पक्की, पण तुम्हाला एंगेज टोन देऊन हाकलत नाहीत. तुमचा वेटिंग नंबर १७ असेल तर १७, कुणी रद्द केलं की १६. तिकीट मिळेल न मिळेल, पण तुम्ही आधी आलात याची नोंद आहे आणि ती तुमच्या हातात आहे. तत्काळचा गोंधळ कमी व्हावा म्हणून २०१५ पासून एसीचं बुकिंग दहाला आणि बिनएसीचं अकराला सुरू होतं. भार दोन तुकड्यांत वाटला. एरलांगचं गणित आठवा, ९५ टक्क्यांवरून ८० वर आणलं तरी थांबणं किती घटतं. अजून तक्रारी आहेत, त्यावर मी स्वतः लिहिलंय. पण निदान विचार तरी झालेला दिसतो.

आणि जुन्या एकेरी रेल्वेमार्गावर तर त्याहून साधी युक्ती होती. दोन स्टेशनांच्या मधल्या रुळावर एका वेळी एकच गाडी, म्हणून गोळा एकच. स्टेशनमास्तर वेताच्या कडीतून तो ड्रायव्हरच्या हातात देणार, पुढच्या स्टेशनावर ड्रायव्हर तो परत करणार, मगच दुसरी गाडी. माझ्या लहानपणी ती कडी झेलायचा प्रकार बघायला आम्ही पोरं फलाटावर उभी राहायचो. नेदरलँड्सच्या एड्सगर डाइक्स्ट्रानं साठच्या दशकात कॉम्प्युटरमधल्या कामांची संख्या आवरायला जी युक्ती काढली तिला त्यानं नाव दिलं सेमाफोर, म्हणजे रेल्वेचा हात वर-खाली होणारा सिग्नल. मशीनमध्ये एक आकडा ठेवायचा. काम आत गेलं की एकानं कमी, बाहेर आलं की एकानं जास्त, शून्य झाला की थांबा. आणि थांबलेल्यांची यादी ठेवा. आजही पोर्टलच्या पोटात कुठं ना कुठं हीच युक्ती चालू असते. यादी ठेवायचं कुणी का टाळलं, एवढाच प्रश्न.

भाच्याला विचारलं, की बाबा, अर्जाच्या पोर्टलला असं टोकन देणं अवघड आहे का? म्हणाला, "अवघड कसलं मामा, मोठ्या सेलच्या दिवशी खरेदीच्या साइट देतातच की. तुमच्यापुढं इतके लोक आहेत, पान बंद करू नका म्हणून सांगतात. पण टेंडरमध्ये लिहिलेलं नसेल तर कोण करतंय?"

म्हणून मी गेल्या आठवड्यात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून संबंधित विभागाकडे माहिती अधिकाराचा अर्ज टाकलाय. विचारलंय, की शेवटच्या दिवशी पोर्टलवर एका वेळी जास्तीत जास्त किती अर्ज घ्यायची मर्यादा ठेवली होती आणि ती कुणी ठरवली. मर्यादा भरल्यावर परत पाठवलेल्या प्रयत्नांची वेळेसह नोंद ठेवली जाते का. ठेवली जात असेल, तर मुदतीच्या आत प्रयत्न केलेल्याचा अर्ज नंतर स्वीकारायची काही तरतूद आहे का. आणि पोर्टल बनवून घेताना करारात रांगेबद्दल एक तरी कलम होतं का. कायद्याप्रमाणं तीस दिवसांत उत्तर यायला पाहिजे.

काका परवा बाजारात भेटले. त्यांना हे सगळं सांगत बसलो नाही, एवढंच सांगितलं की अर्ज टाकलाय. म्हणाले, "मला दुसरं काय नको रं. मी साडेसहाला आल्तो, एवढं कुठंतरी लिहिलेलं पायजे होतं."

तुमच्यापैकी कुणाकडे त्या रात्रीच्या लाल ओळीचा फोटो किंवा स्क्रीनशॉट असेल, ज्यात वेळ दिसते, तर मला इनबॉक्समध्ये पाठवा. आधार नंबर आणि खाते नंबर झाकून पाठवा, उघड टाकू नका. कमेंटमध्ये तर अजिबात टाकू नका. उत्तर आलं की इथंच टाकतो.